दुर्बिणीचा दुभाषा

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याने मराठीत लिहायचे आणि तेही कॉम्प्युटरविषयी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही राहतो सांगलीच्या विश्रामबागेत. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि बसमध्ये मराठी आणि कॉम्प्युटरसमोर बसलो की इंग्रजी, असा आमचा दिवस चार भाषांत जातो. घरी ‘हम’ म्हणायची सवय, म्हणून इथेही ‘आम्ही’ लिहितो. पण पुढे जे सांगायचे आहे ते काम एकट्याचे नव्हतेच. नववी-दहावीची सात मुलेमुली, वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारा मोहल्ल्यातला एक मुलगा आणि आम्ही, असे मिळून ते झाले. तेव्हा ‘आम्ही’ हाच शब्द इथे खरा आहे.

काम थोडक्यात असे. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आखातातून २०२३ साली शाळेला एक दुर्बीण पाठवली. बरोबर कॉम्प्युटरला जोडायचा छोटा कॅमेराही होता. दुर्बिणीच्या भिंगाच्या जागी तो बसवायचा, म्हणजे चंद्र पडद्यावर दिसतो आणि एका वेळी एकाच मुलाने डोळा लावायची गरज राहत नाही. साठ मुलांच्या वर्गाला ही केवढी सोय! पण कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर मिळाले ते फक्त विंडोजचे, आणि शाळेतले सहा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले. त्यांतल्या दोघांचे प्रोसेसर तर ३२ बिटचे. नवे विंडोज त्यांच्यावर चढत नाही. जुन्या विंडोज १० चा नियमित आधारही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवला. अशा कॉम्प्युटरचे लोक काय करतात? भंगारवाल्याला देतात. आम्ही २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत त्यांच्यावर लिनक्स बसवले.

लिनक्सची कहाणी आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. लिनस टोरवाल्डस या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. त्यावर १९९३ साली इयान मर्डॉक यांनी डेबियन नावाचा प्रकल्प सुरू केला. आमच्या सहा कॉम्प्युटरवर आहे ती डेबियनची १२ वी आवृत्ती. पैसा लागत नाही, वापरायला परवानगी लागत नाही, कॉपी करून शेजारच्या शाळेला दिली तर चोरी होत नाही. केरळात सरकारी शाळांनी हीच वाट फार पूर्वी धरली. तिथल्या ‘आयटी अॅट स्कूल’ योजनेत खुल्या सॉफ्टवेअरवर शिकून कितीतरी मुले बाहेर पडली. आपल्याकडे ‘लिनक्स’ म्हटले की अजून लोक विचारतात, त्यात टायपिंग होते का?

टायपिंग होते आणि आकाशही दिसते. केस्टार्स नावाचा एक सुंदर प्रोग्रॅम आहे. जेसन हॅरिस यांनी तो २००१ साली सुरू केला. सांगली हे गाव निवडले की इथल्या आकाशात आत्ता कोणते तारे आहेत ते तो दाखवतो. मुलांना त्यात सर्वांत गंमत वाटली ती नावांची. अल्देबरान, अल्तायर, देनेब, रायजेल, फोमलहॉट ही इंग्रजी नावे वाचताना एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “टीचर, ये तो अरबीच है.” होय, अरबीच. अद-दबरान म्हणजे मागून येणारा, ज़नब म्हणजे शेपूट, रिज्ल म्हणजे पाय, फम-अल-हूत म्हणजे माशाचे तोंड. ज्या मुलांना ‘उर्दू शाळेत जाऊन काय होणार’ हे रोज ऐकावे लागते, त्यांना त्या दिवशी आकाश थोडे जवळचे वाटले.

एवढ्यावर आम्ही खूश होतो. मग कॅमेरा जोडला आणि काहीच झाले नाही.

लिनक्सला कॅमेरा दिसत होता. यूएसबीला काय काय जोडले आहे त्याची यादी मागितली तर यादीत त्याचा नंबर येत होता. म्हणजे दारात कोणी तरी आले आहे हे घरातल्यांना कळले होते, पण पाहुण्याची भाषा घरात कोणालाच येत नव्हती. अशा वेळी जो मधे उभा राहतो त्याला कॉम्प्युटरच्या दुनियेत ‘ड्रायव्हर’ म्हणतात. आमच्या मुलांना ड्रायव्हर म्हटले की एसटीचा ड्रायव्हर आठवतो. “ये ड्रायव्हर क्या चलाता जी?” असे एकाने विचारलेही. तेव्हा आम्ही दुसरा शब्द सुचवला, दुभाषा. तो मुलांनी उचलला आणि आमच्या प्रयोगशाळेत तोच रूढ झाला.

आकाशाच्या यंत्रांसाठी असे दुभाषे एका छताखाली आणणारी एक व्यवस्था आहे, तिचे नाव इंडी. एलवुड डाउनी या अमेरिकी गृहस्थांनी ती आखली आणि कुवेतच्या जासिम मुतलक यांनी अनेक वर्षे खपून ती वाढवली, केस्टार्सला जोडली. तिची रचना साधी आहे. दुर्बीण असो, कॅमेरा असो, की भिंग मागेपुढे करणारी मोटर असो, प्रत्येक यंत्राचा दुभाषा त्या यंत्राशी त्याच्या बोलीत बोलतो आणि बाकीच्यांशी एका ठरलेल्या सामाईक भाषेत. त्यामुळे कॅमेरा एका कारखान्याचा आणि दुर्बीण दुसऱ्याची असली तरी दोघांचा संसार चालतो.

यातले काही दुभाषे इंडीच्या मूळ संचातच असतात, त्यांचा सगळा मजकूर उघडा असतो. पण अनेक कॅमेऱ्यांचे कारखाने आपल्या यंत्राची बोली कोणाला सांगत नाहीत. ते एक बंद पुडी देतात, तिला लायब्ररी म्हणतात. ती आधीच यंत्रभाषेत भाजून काढलेली असते. आत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, फक्त वापरता येते. अशा पुड्यांवर चालणारे दुभाषे इंडीने वेगळ्या घरात ठेवले आहेत. त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात, म्हणजे तिऱ्हाइताचे. डेबियनच्या मुख्य भांडारात त्या बंद पुड्यांना जागा नाही, कारण जे वाचता येत नाही, सुधारता येत नाही, ते आम्ही आपले म्हणून वाटणार नाही, असा त्यांचा १९९७ सालचा जाहीरनामा आहे. तत्त्व म्हणून आम्हाला ते पटते. पण शाळेचा कॅमेरा टेबलावर मुका पडलेला असतो, तेव्हा तत्त्वाची किंमत कोण मोजतो तेही दिसते.

वालचंदचा मुलगा म्हणाला, कोड आणून इथेच कंपाइल करू, तासाभराचे काम आहे. तासाभराचे नव्हते, पण एका कॉम्प्युटरवर दोन दिवसांत झाले. मग प्रश्न आला बाकीच्यांचा. हाताने बसवलेल्या गोष्टीची कुठे नोंद राहत नाही. कोणती फाइल कुठे गेली, ती काढायची कशी, नवी आवृत्ती आली तर जुनीचे काय करायचे, हे फक्त बसवणाऱ्याच्या डोक्यात राहते. तो मुलगा उद्या नोकरीला पुण्याला गेला की संपले. म्हणून ठरवले की दुभाष्याचे रीतसर पॅकेज बांधायचे.

पॅकेज म्हणजे काय, ते आम्ही मुलांना लग्नाच्या रुखवताच्या उदाहरणाने सांगितले. सामान तर असतेच, पण बरोबर यादी असते. काय दिले, कोणी दिले, कुठे ठेवायचे, आणि याच्या आधी घरात काय असायला हवे. डेबियनच्या पॅकेजमध्ये ‘डेबियन’ नावाचाच एक फोल्डर असतो. ‘कंट्रोल’ फाइलीत पॅकेजचे नाव, वर्णन आणि ते कशावर अवलंबून आहे ते लिहायचे. ‘रूल्स’मध्ये बांधणीची कृती. ‘कॉपीराइट’मध्ये कोणता भाग कोणाचा आणि कोणत्या अटीवर. ‘चेंजलॉग’मध्ये कोणी, कधी, काय बदलले त्याची रोजनिशी. आमच्या कामात पॅकेजे दोन झाली. पहिले कारखान्याच्या लायब्ररीचे, दुसरे तिच्यावर चालणाऱ्या दुभाष्याचे. आधी पहिले, मग दुसरे. इंडीची आवृत्ती आणि दुभाष्याची आवृत्ती एकाच काळातली हवी, नाहीतर दोघांचे पटत नाही.

हे सगळे आम्ही २०२५ च्या पावसाळ्यात केले. जून ते सप्टेंबर सांगलीत आकाश दिसण्याची फार आशा नसते, त्यामुळे कॅमेरा मुका असल्याचे दुःखही कमी होते. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की दोन तास बसायचो. फाइलींचे नियम फार कडक. ‘रूल्स’मध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅब हवा, स्पेस दिल्या तर चालत नाही. ‘चेंजलॉग’मध्ये ई-मेल आणि तारखेच्या मधे दोन स्पेस हव्यात, एक पडली की तक्रार. मुले मात्र वैतागली नाहीत. एका नुक्त्याने खुदाचा जुदा होतो हे पहिलीपासून शिकलेल्या मुलांना दोन स्पेसचे काय अवघड! पॅकेज तपासणारा लिंटियन नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो पेपर तपासणाऱ्या कडक परीक्षकासारखा चुकांची यादी देतो. पहिल्या दिवशी यादी पडद्याबाहेर गेली होती. रमज़ानच्या रोज़्यांसारखा मुलांनी एकेक दिवस मोजत ती कमी केली.

दोन अडचणी सांगण्यासारख्या आहेत. पहिली परवानगीची. कॅमेरा शिक्षकांच्या, म्हणजे प्रशासकाच्या खात्यातून चालायचा, मुलांच्या खात्यातून नाही. लिनक्स कोणत्याही यंत्राला सरसकट हात लावू देत नाही. त्यासाठी ‘यूडेव्ह’ची एक छोटी नियम-फाइल पॅकेजमध्ये घालावी लागते. या कारखान्याचा कॅमेरा जोडला तर साध्या वापरणाऱ्यालाही तो उघडा ठेवा, एवढेच ती सांगते. दुसरी अडचण अर्ध्या चंद्राची. चित्र यायचे ते खालून कापलेले. लिनक्स यूएसबीच्या देवाणघेवाणीसाठी मुळात १६ एमबी जागा राखून ठेवतो. मोठ्या चित्राला ती पुरत नाही. तीच नियम-फाइल ती जागा २०० एमबी करते आणि चंद्र पुरा होतो. एवढीशी ओळ, पण ती ज्याने पहिल्यांदा शोधली असेल त्याने किती रात्री घालवल्या असतील, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

३२ बिटच्या दोन कॉम्प्युटरचे मात्र वेगळे झाले. आमच्या कॅमेऱ्याच्या कारखान्याने नव्या लायब्ररीत ३२ बिटची प्रत देणे बंद केले आहे. मजकूर उघडा असता तर आम्ही ती इथे बांधून घेतली असती. बंद पुडीला तो इलाज नाही. कारखाना थांबला की तुम्हीही थांबायचे. खुद्द डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत अशा जुन्या कॉम्प्युटरवर नव्याने बसवण्याची सोय ठेवलेली नाही. पण इंडीची रचना इथे कामाला आली. दुभाषा आणि पाहणारा एकाच कॉम्प्युटरवर असावेत असे बंधन तिच्यात नाही. कॅमेरा एका कॉम्प्युटरला जोडला, तिथे इंडीचा सर्व्हर ७६२४ नंबरच्या दारावर बसवला, आणि बाकी पाच कॉम्प्युटर केबलने त्याला जोडून दिले. म्हातारे दोघे आता फक्त पाहण्याचे काम करतात आणि चांगले करतात.

‘कॉपीराइट’ फाइलीपाशी आम्ही जास्त रेंगाळलो. दहावीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, हे आपण मिरजेच्या शाळेला दिले तर चालेल?” आमचा भाग आमचा आहे, तो द्यायला हरकत नाही. इंडीचा भागही खुल्या परवान्याचा आहे. पण कारखान्याची लायब्ररी आपल्याकडे अमानत आहे. वापरायला दिली आहे, वाटायला दिली आहे का ते परवान्यात वाचावे लागेल. वाचले. भाषा वकिली होती आणि वाटण्याविषयी स्पष्ट काही नव्हते. मुलांनीच ठरवले की आपण फक्त बांधणीच्या फाइली द्यायच्या, पुडी ज्याने त्याने कारखान्याकडून घ्यायची. आणलेली पुडी तीच आहे ना हे पाहायला तिचा ‘चेकसम’ लिहून ठेवायचा. आतले एक अक्षर बदलले तरी तो आकडा बदलतो. ऐकीव गोष्ट पुढे सांगताना ती कोणाकडून आली त्याची साखळी सांगण्याची शिस्त आपल्या दीनी तालमीत मुलांनी पाहिलेली आहे. सनद काय असते ते त्यांना समजावावे लागले नाही.

खरी अडचण ‘चेंजलॉग’मध्ये आली, आणि ती कॉम्प्युटरची नव्हती. प्रत्येक नोंदीखाली काम करणाऱ्याचे नाव आणि ई-मेल लागतो. त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. सर्वांत जास्त काम त्या दहावीतल्या मुलीने केले होते, तेव्हा नाव तिचे हवे. ई-मेल आम्ही शाळेचा दिला. पण मुलीचे नाव असे बाहेर जाणार म्हटल्यावर घरी विचारणे आमचे काम होते. तिचे अब्बा मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या दुकानात कारागीर आहेत. मिरजेची ही कला वाचकांना माहीत असेल. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी पिढ्यांपूर्वी ती उचलली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आम्ही गेलो तेव्हा ते तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत होते. आम्ही सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “कॅमेरा इसने बनाया क्या?” नाही. “वो सॉफ्टवेअर?” तेही दुसऱ्यांचे. “फिर इसका काम क्या हुआ?” प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही त्यांच्या हाताकडे बोट दाखवले. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड आणखी कुठले, तारा कारखान्याच्या. तरी जवारी निघेपर्यंत तंबोरा बोलत नाही. ते हसले. मग थोडा वेळ घोडीवर तार दाबून सोडत राहिले. शेवटी म्हणाले, “हम भी दुकान का नाम लगाते हैं बाजे पे. लगाने दो.”

नाव लागले. त्या रात्री मुलीची आई आमच्या घरी आली. आमच्या घरात तिला खाला म्हणतात. तिला वेगळीच काळजी होती. दहावीनंतर मुलीला सायन्सला घालायचे, तर अकरावीत सगळे इंग्रजीत येणार. उर्दू माध्यमाची किती मुले तिथे गळतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो. हुशारी कमी पडत नाही, शब्द कमी पडतात. ‘सय्यारा’ म्हणजे ग्रह म्हणजे प्लॅनेट, हे जोडून द्यायला वर्गात कोणी दुभाषा नसतो. खालांना आम्ही म्हटले, या मुलीने सहा महिने इंग्रजी परवाने वाचले, चुकांच्या याद्या वाचल्या आणि त्याचा अर्थ इतर सहा जणांना उर्दूत सांगितला. ती गळणार नाही. हे आम्ही तसल्लीसाठी बोललो की विश्वासाने, ते पुढचे वर्ष सांगेल.

या निमित्ताने जुन्या दुभाष्यांची आठवण येते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिलेला ब्रह्मस्फुटसिद्धांत आठव्या शतकात खलीफ़ा मन्सूरच्या काळात बगदादला पोहोचला आणि अरबीत ‘सिंदहिंद’ झाला. टॉलेमीचा यूनानी ग्रंथ अरबीत ‘अल-मजिस्ती’ झाला, आणि त्याच्या नसीरुद्दीन तूसींनी सिद्ध केलेल्या अरबी प्रतीवरून सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी १७३२ साली त्याला संस्कृतात आणले. जयसिंगांची स्वतःची ताऱ्यांची कोष्टके मात्र फ़ारसीत लिहिली गेली. म्हणजे आकाशाचे इल्म कोणा एकाच्या भाषेत कधी राहिलेच नाही. यूनानी, संस्कृत, अरबी, फ़ारसी यांच्या मधे कोणी तरी बसून, दिव्याच्या उजेडात, शब्दाला शब्द जोडत होते म्हणून ते टिकले. पॅकेज बांधणारे लोक त्याच बिरादरीतले आहेत, असे आम्हाला वाटते. त्यांनी ताराही शोधलेला नसतो आणि यंत्रही बनवलेले नसते. पण दोन्ही गोष्टी जिथे पोहोचल्या नसत्या तिथे त्यांच्यामुळे पोहोचतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आकाश मोकळे झाले. विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याचे दिवे फार, म्हणून दुर्बीण शाळेच्या गच्चीवर नेली आणि केबल खिडकीतून खाली सोडली. चंद्र पाहिला, गुरूचे चार चंद्र पाहिले. शनी लावला तर मुले म्हणाली, कडे कुठे आहे? त्या महिन्यात शनीचे कडे पृथ्वीवरून जवळपास धारेवर दिसत होते, एखाद्या रेघेसारखे. असे साधारण पंधरा वर्षांनी घडते. पुस्तकातल्या चित्रात कडे असते आणि इथे नाही, यावर सहा पडद्यांसमोर बराच वाद झाला. वर्गात आम्ही कितीही शिकवले असते तरी असा वाद झाला नसता. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चाचा येऊन गेले. त्यांनी विचारले, “अब चाँदरात को चाँद इसीमें देखना क्या?” आम्ही म्हटले, चाचा, तो फ़ैसला उलेमांचा. आम्ही फक्त यंत्राला बोलते केले आहे.

काम संपलेले नाही. पॅकेज एकदा बांधून होत नाही, ते सांभाळावे लागते. जानेवारीत कारखान्याची नवी लायब्ररी आली, इंडीचीही नवी आवृत्ती आली, आणि आमचा दुभाषा पुन्हा अडखळू लागला. दहावीच्या मुली परीक्षेच्या अभ्यासाला लागल्या आहेत, त्यांना बोलवायचे नाही असे ठरवले. नववीतला एक मुलगा आणि दोन मुली आता शनिवारी बसतात. लिंटियनची यादी पुन्हा लांब झाली आहे. परवा त्यांतल्या एकीने ‘चेंजलॉग’ उघडला, वरची जुनी नोंद वाचली, खालचे नाव मोठ्याने वाचले आणि तिच्या वर नवी नोंद लिहायला घेतली. दोन स्पेस तिने न सांगता दिल्या.